उजव्या खांद्यावरची पाकळी

आबा, आपल्या देवीला वज्रलेप झाला. मागच्या आठवड्यात आक्का आणि मी बघायला गेलो होतो. हिर्डोशीच्या पुढं वाडीपर्यंत आता गाडी जाते. तुम्ही असतात तर आमच्या गाडीत बसलाच नसतात, पुढं पुढं चालत गेला असतात, वळणावर विश्वास नाही म्हणून. देऊळ रंगवलंय, गाभाऱ्यात फरशी बसलीय आणि मूर्ती अशी गुळगुळीत काळीभोर झालीय की पटकन ओळख पटेना. पूजा आता तुमच्या चुलतभावाचा नातू करतो. तो हसत हसतच म्हणाला, "आत्या, कौल बंद झाला आता. पाकळी चिकटतच न्हाई बगा. लावली की घसरली, दोन्ही बाजूच्या संगंच." गावातल्या लोकांना वाईट वाटतंय म्हणे. मला वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि ते आक्काला माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण परतीच्या वाटेवर ती माझ्याशी फारसं बोलली नाही.

तुमचं कौल लावणं मला अजून जसंच्या तसं दिसतं. सकाळची पूजा आटोपलीय. बाहेर कुणीतरी चपला काढून बसलंय, पोरीचं लग्न, वाटणी, नाहीतर विहीर, असलं काहीतरी मनात घेऊन आलेलं. तुम्ही वारा नको म्हणून दार अर्धं ओढून घेता. कण्हेरीच्या दोन सारख्या पाकळ्या निवडता, तांब्यातल्या पाण्यात बुडवून एक देवीच्या उजव्या खांद्यावर लावता, एक डाव्या. मग मागं सरून उपरण्याचं टोक तोंडावर धरता, स्वतःचा श्वाससुद्धा पाकळीला लागू नये म्हणून. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. मोठा प्रश्न असला तर तेवढ्यावर भागत नसे. मग तोच प्रश्न उलटा करायचा. जमीन घेऊ का असं आधी विचारलं असेल तर आता जमीन सोडून देऊ का, असं. दोन्ही उत्तरं जुळली तरच कौल खरा, नाही जुळली तर माणसानं घरी जायचं आणि पुन्हा कधीतरी यायचं. ही रीत तुमच्याही आधीपासूनची. दगड एका अंगाला कलला असेल, एका खांद्यात तेल जास्त मुरलं असेल, तर तो कल या उलट्या प्रश्नात निघून जातो. पुढं कॉलेजात हेच गणित म्हणून शिकवलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते आणि सरांनी मला उभं केलं होतं.

तुम्ही मला एकदाच मारलंत, तेही याच पायी. वेल्ह्याकडचा एक माणूस विहिरीचं विचारायला डोंगर उतरून आला होता. पाकळ्या लागल्या होत्या, सगळे गप्प होते, आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी दाराच्या फटीतून फुंकर मारली. पाकळी पडली. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्या गालावर एक ठेवून दिलीत. "त्यो मानूस घरादाराचं इचाराया आलाय हितं, आन तू फुकर मारतीस?" त्या माणसाला म्हणालात, आजचा कौल बाटला, उद्या पुन्हा लावू. तो बिचारा म्हणत होता, देवीनं हो म्हटलंय, राहू द्या की. तुम्ही ऐकलं नाहीत. त्याला घरी ठेवून घेतलंत, जेवू घातलंत. दुसऱ्या दिवशी कौल डावा आला आणि तो हिरमुसून गेला. आई दिवसभर तुमच्यावर चिडलेली होती. मला गालापेक्षा त्या माणसाच्या तोंडाचं जास्त वाईट वाटत होतं.

इतकं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असूनही आक्काच्या वेळी मी तुमच्यावर संशय घेतला. तो संशय कसा आला ते तुम्हाला सांगायलाच हवं.

आक्का भोरला वसतिगृहात राहून बारावी झाली आणि पुण्याला नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला. दुसरं काही तिला व्हायचंच नव्हतं. सुट्टीत घरी आली की ती उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या मागं मागं वाड्यावस्त्यांवर लशी द्यायला हिंडायची, त्यांची पेटी उचलायची, रडणारी पोरं धरून ठेवायची. गुडघा फुटला की मी आईकडं जात नसे, आक्काकडं जात असे. आणि नेमकं त्याच महिन्यात शिवऱ्याचं स्थळ आलं. हायवेवर स्वतःचं हॉटेल, मुलगा निर्व्यसनी, मागणं काही नाही. फक्त थांबायला तयार नव्हते. आई म्हणत होती, "असलं ठिकान पुन्यांदा दारात याचं न्हाई." आक्का नुसती तुमच्याकडं बघायची. तुम्ही चार दिवस जेवताना मान वर केली नाहीत आणि मग म्हणालात, "देवीला इचारू."

मी तेव्हा सातवीत होते. दाराच्या त्याच फटीला डोळा लावून उभी होते, या वेळी तोंड हातानं घट्ट दाबून. तुम्ही पाकळ्या लावल्यात. विचारलंत, शिवऱ्याचं स्थळ करायचं का. मग नेहमीसारखे मागं सरला नाहीत. उजव्या पाकळीवर अंगठा ठेवून तसेच उभे राहिलात, बराच वेळ. मग एकदम दोन्ही पाकळ्या काढल्यात, उपरण्यानं देवीचे खांदे कोरडे पुसलेत, नव्या पाकळ्या निवडल्यात आणि पुन्हा लावल्यात. असं करताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर उपरणं तोंडावर गेलं. उजवी पडली. बाहेर आई हात जोडून म्हणाली, "पावली गं बया." मग उलटा प्रश्न, पोरीला कोर्सला धाडायचं का. डावी पडली. जुळलं. आक्का तिथंच खांबाला टेकून उभी होती. ती घरी गेली, चुलीपुढं बसली आणि भाकरी थापायला लागली. त्या दिवशी सगळ्या भाकऱ्या तिनं केल्या, आईला हात लावू दिला नाही.

मी मनाशी ठरवून टाकलं. पहिल्या खेपेला पाकळ्या तुम्हाला हव्या तशा बसल्या नव्हत्या, म्हणून तुम्ही त्या बदलल्यात. इतरांसाठी श्वास रोखून धरणारा माणूस स्वतःच्या पोरीच्या बाबतीत हात चालवतो, असं मला वाटलं आणि ते माझ्या डोक्यातून पुढं कधी गेलं नाही.

शिवऱ्याला आक्काचं वाईट काही झालं नाही. दाजी भला माणूस आहे, घरात कुणी तिला टाकून बोललं नाही. पहाटेपासून रस्सा, भजी, चहा, चपात्या, यातच तिची वर्षं गेली. पण हायवेवर धडक झाली की सगळ्यांत आधी तीच धावते. हॉटेलातली स्वच्छ फडकी तिनं वेगळी बांधून ठेवलेली असतात. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका मोटारसायकलवाल्या पोराची मांडी फाटली होती. रक्त थांबेना. आक्कानं दोन्ही हातांनी जखम दाबून धरली, त्याला सारखं बोलतं ठेवलं, बघ्यांना चार शिव्या घालून मागं हटवलं आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत हात हलवला नाही. अॅम्ब्युलन्समधला डॉक्टर कोवळाच होता. म्हणाला, "मावशी, तुम्ही नर्स होता का?" ती म्हणाली, "न्हाई ओ. च्या करते म्या." आणि नळाखाली हात धुवायला गेली. मला इतका राग आला, आबा, की मी तिथून दाजींशीही न बोलता निघाले. तो राग तुमच्यावरचा होता.

माझ्या वेळी मात्र तुम्ही कौल लावलाच नाहीत. मी भोरच्या कॉलेजात जाते म्हटलं, तुम्ही म्हणालात, जा. पुढं पुण्याला जाते म्हटलं, तेव्हाही तेच. एसटी डेपोपर्यंत पोचवायला यायचात, गाडी हलली की लगेच पाठ फिरवायचात. मला वाटायचं, थोरलीचं मन मोडून झालं, आता धाकटीचं काय होतंय त्याच्याशी तुम्हाला देणंघेणं उरलेलं नाही. घरी आले की मी आईशी बोलायचे, तुमच्याशी कामापुरतं. तुम्ही गेलात तेव्हा मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. त्याला वीस वर्षं होऊन गेली. मी काय करते हे तुम्हाला कधी कळलंच नाही आणि कळावं असं मलाही तेव्हा वाटत नव्हतं. आज ते तुम्हाला सांगावं म्हणून जीव तुटतोय.

देवीचं दर्शन करून आम्ही शिवऱ्याला परतलो तेव्हा दुपार कलली होती. हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या स्वयंपाकघरात आक्का संध्याकाळची कणीक मळायला बसली, मी तिच्यासमोर कांदे सोलत. मळता मळता तिनं विचारलं. "तू नक्की काय करतीस गं तिकडं? पोरं इचारत्यात, मावशी काय करती, मला सांगताच येत न्हाई."

मी म्हटलं, कुणालाही आधी ओळखता येणार नाहीत असे आकडे काढते. तुझ्या मोबाईलवर बँकेचा ओटीपी येतो ना, तो चोराला आधीच कळला तर? तसले आकडे, आणि त्याहून मोठ्या कुलपांचेही. ती म्हणाली, "त्यात काय एवडं? डोळं मिटायचं आन आकडं बोलायचं." मी म्हटलं, माणूस डोळे मिटून बोलला तरी आवडतेच आकडे बोलतो. मशीननं काढले तर मशीनही एका अंगाला थोडं झुकतं, नाहीतर बनवणाऱ्यानंच आत काही करून ठेवलेलं असतं. दगडाचा कल उलटा प्रश्न विचारून काढता येतो, कारण दगडाला डोकं नाही. पण झुकवणारा हुशार असला, आधी काय पडलं ते बघून दर वेळी वेगळं झुकवत असला, तर तसल्या एकट्या मशीनमधून कितीही गणितं केलीस तरी स्वच्छ आकडा निघत नाही. निघूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

"मंग?" आक्का म्हणाली. मग मी तिला दोन गुरव सांगितले. समज, एक गुरव भोरला बसवला आणि एक वेल्ह्याला, मध्ये डोंगर. दोघांनी आधी बसून काय वाटेल ते ठरवून ठेवलेलं असू दे. आम्ही दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारायचे, आणि कुठला विचारायचा ते आयत्या वेळी त्या झुकत्या मशीनवरून ठरवायचं. ते झुकतं असलं तरी चालतं, पूर्ण चोराच्या मुठीत गेलेलं नसलं म्हणजे झालं. एकाला काय विचारलं याचा निरोप दुसऱ्याला पोचायच्या आत दोघांनी उत्तर द्यायचं, मोबाईलचा निरोपसुद्धा पोचता कामा नये. असं पुष्कळदा करायचं आणि मग उत्तरं ताडून बघायची. आधी ठरवून ठेवलेल्या उत्तरांचा मेळ एका हद्दीपर्यंतच बसू शकतो. आमचे गुरव म्हणजे क्वांटमची दोन यंत्रं, जोडीनं जन्मलेले प्रकाशाचे कण एकेक करून तपासणारी, आणि त्यांच्या उत्तरांचा मेळ त्या हद्दीच्या पुढं जातो. तो तसा गेला की उत्तरं कुणी आधी ठरवलेली नव्हती हे पक्कं झालं, मग यंत्र कुणीही बनवलेलं असो. त्यातून आम्ही स्वच्छ आकडे गाळून घेतो. कच्च्या नशिबातून पक्कं नशीब करण्याचा धंदा आहे म्हण.

आक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पर दोन कशाला? येकावर भरवसा ठेवता येत न्हाई व्हय?"

"कुणावरच ठेवायचा नाही. तिथूनच आमचं काम सुरू होतं."

"आबांवर बी न्हाई?"

मी म्हटलं, "त्यांच्यावर तर नाहीच. तुझ्या वेळची पाकळी त्यांनी हातानं पाडली. मी बघितलंय."

तिचा हात परातीतच थांबला. "काय बगितलंस?" मी सगळं सांगितलं, अंगठा, काढून टाकलेल्या पाकळ्या, पुसलेले खांदे. इतकी वर्षं हे मी तिला बोलले नव्हते, तिला आणखी त्रास नको म्हणून. ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. "येडे," ती म्हणाली, "आदल्या दिशी म्या त्यांच्या पाया पडले व्हते. म्हनलं, आबा, उजवी पडू देऊ नगा. दाबून बसवा तिला, कुनाला कळतंय? त्ये व्हय बी म्हनले न्हाईत आन न्हाई बी म्हनले न्हाईत. मंग लगीन लागल्याव, मी गाडीत बसताना त्ये खिडकीपाशी आले. म्हनले, पोरी, दाबली व्हती गं. चांगली दाबली व्हती. पर हात मागं आला. तुज्यासाटी खोटं केलं, तर आजपातूर ज्यास्नी ज्यास्नी देवीचं म्हनून सांगितलं, त्येंचं काय?"

मी विचारलं, तुला राग नाही आला? "न येऊन सांगती कुनाला? पयल्या दोन दिवाळीला म्हायेरी आले न्हाई, ती कशापायी वाटलं तुला? अजून येतो कदी कदी, चपात्या लाटताना. पर मानूस खोटा न्हवता, येवडं मातर हाय." तिनं कणकेला पाणी लावलं आणि पुन्हा मळायला लागली. मळता मळताच म्हणाली, "आन तुज्या टायमाला आईनं त्यांचं लई डोकं खाल्लं, देवीला इचारा म्हनून. म्हनले, तिचं इचारायचं न्हाई. दोन दिस देवळाकडं फिरकलं न्हाईत. पूजा बी चुलत्यानं केली."

आबा, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. मी बघितलं ते खरंच होतं. तुम्ही हात चालवलात, पण तो आक्काच्या बाजूनं, आणि मी ज्याला कारस्थान समजत आले, त्यात तुम्ही स्वतःच दाबलेली पाकळी काढून टाकत होतात. माझ्या वेळी तुम्ही देवळाची पायरी का चढला नाहीत तेही आता कळतंय. विचारलं असतं तर तुम्हाला पुन्हा खरंच करावं लागलं असतं, आणि ते तुम्हाला सोसलं नसतं. मला मिळालेलं सगळं शिक्षण त्या न विचारण्यावर उभं आहे, आणि मी ते तुम्हाला काहीच वाटत नाही याचा पुरावा म्हणून धरून बसले होते. एकदा विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. गाडीच्या खिडकीशी तिला सांगितलंत तसं मलाही एसटीच्या खिडकीशी सांगितलं असतंत. मी खिडकीतून कधी काही विचारलंच नाही.

माझ्या कामाच्या हिशेबानं बघायचं तर तुम्ही केलंत ते अगदी बरोबर आहे. झुकलेलं दिसलं की ते सगळं टाकून द्यायचं, जागा पुसून घ्यायची, पहिल्यापासून मांडायचं, मग उत्तर कितीही नावडतं येवो. हेच मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. त्यांच्यातल्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. उद्याही मी जाईन, यंत्रं लावीन आणि कुणाचाही हात न लागलेले आकडे काढीन. त्यात मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू.

हे कागद कुठं जायचे नाहीत. आक्कालाही दाखवणार नाही, तिला पुढची ओळ वाचवणार नाही. पण तुम्हाला एवढं सांगून टाकते. तुमचा हात मागं यायला नको होता, आबा. अंगठा उचलल्यावर ती पाकळी तशीच दाबलेली ठेवायची होती, आणि पुढं जन्मभर सगळ्या जगाशी खोटं बोलायचं होतं.